डॉलरसाठी अडलेल्या गाठी

सकाळी जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या लागलेल्या असायच्या आणि भाव अजून आलेला नसायचा. कुणी ट्रॉलीवर बसून तंबाखू मळत असे, कुणी मेटॅडोरच्या टपावर आडवा झालेला असे. मी आत खुर्चीवर, फोन हातात धरून. उन्हं वर आली की यवतमाळच्या दलालाचा फोन यायचा. पूर्वी तो आधी मुंबईचा भाव सांगायचा, मग सरकीचा. अलीकडच्या वर्षांत त्याचं पहिलं वाक्य डॉलरचं असायचं. आज एवढ्यावर उघडला, आज थोडा उतरला, आज पुन्हा चढला. ते ऐकून मी फाटकाशी जायचो आणि त्या दिवसाचा भाव सांगायचो. लोक तोंडाकडे पाहायचे. "काल तं जास्त होता," कुणीतरी म्हणायचं. मी म्हणायचो, "काल होता." 

मी दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये ग्रेडर आहे. आलेला कापूस हातात घेऊन त्याचा रंग, ओलावा, कचरा आणि धाग्याची लांबी पाहायची आणि कोणत्या प्रतीचा आहे ते ठरवायचं, हे काम. शेठ माझ्यापेक्षा लहान. त्याच्या वडिलांच्या हाताखाली मी कामाला लागलो, म्हणून तो मला काका म्हणतो आणि मी त्याला शेठ. आमचं जिनिंग मोठं नाही. रेचे नावाच्या यंत्रांमधून सरकी वेगळी होते, रुई प्रेसमध्ये दाबली जाते, गाठी बांधून अंगणात रचतात आणि ट्रक आला की त्या दक्षिणेकडच्या सूतगिरण्यांना जातात. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. डॉलर आमच्या अंगणात आला तो काही वर्षांपूर्वीच्या एका हंगामात.

त्याच्या आदल्या वर्षी कापसाला कुणी कधी पाहिला नव्हता असा भाव मिळाला होता. त्यामुळे पुढच्या हंगामात सगळ्यांच्या डोक्यात तोच आकडा बसलेला. त्यात रुपया घसरायला लागला. रोज बातम्यांत तेच. शेठ खुशीत होता.

"काका, रुपया पडला का आपलं भलं," तो म्हणाला. "तेवढ्याच डॉलरचे जास्त रुपये भेटते. या वर्षी माल बाहेर देऊ."

मी म्हटलं, "देणार कोणाले?"

"बांगलादेशले. मुंबईचा एक निर्यातवाला मधात आहे. गिरणीचा माणूस स्वतः माल पाहाले येऊन राह्यला."

तो माणूस दिवाळीनंतर आला. ढाक्याजवळच्या एका सूतगिरणीत तो कापूस निवडण्याचं काम करत होता, म्हणजे माझंच काम, तिकडच्या एका नदीच्या काठावर. सडपातळ, पन्नाशीचा, पांढरा शर्ट, पायांत चपला. हिंदी तोडकीमोडकी, पण बोलायची हौस फार. मला पहिल्याच दिवसापासून दादा म्हणायला लागला. आम्ही सगळे त्याला पाहुणा म्हणायचो, आणि हंगाम संपेपर्यंत त्याचं तेच नाव राहिलं.

पाहुणा कापसाच्या गंजीत गुडघ्यापर्यंत शिरून आतला कापूस काढायचा. वरचा कापूस सगळेच चांगला ठेवतात हे त्याला माहीत होतं. चिमूटभर रुई घेऊन दोन्ही अंगठ्यांनी ओढायची, पुन्हा जुळवायची, पुन्हा ओढायची, आणि उरलेले सरळ धागे पँटच्या काळ्या कापडावर ठेवून पाहायचं. मी तेच बोटाच्या नखावर ठेवून पाहतो. दोघांचे अंदाज एकमेकांच्या जवळ यायचे. एकदा फरक पडला तेव्हा आम्ही दोघांनी त्याच ढिगातून पुन्हा चिमूट घेतली, आणि त्याचं बरोबर निघालं. दुसऱ्यांदा माझं निघालं. यातून जी मैत्री होते ती बोलून होणाऱ्या मैत्रीपेक्षा लवकर होते.

लॉजवरचं जेवण त्याला सोसेना. म्हणून एका दुपारी मी त्याला घरी आणलं. माझ्या बायकोनं अरुणावती धरणावरून आलेला मासा घेऊन ठेवला होता. पाहुण्यानं भातावर रस्सा घेतला आणि बराच वेळ मान वर केली नाही. मग म्हणाला, "भाभी, तिखट बहुत है, लेकिन मछली सही है." बायको हसली. तिनं विचारलं, तुमच्याकडे कापूस पिकत नाही का? तो म्हणाला, नावापुरता पिकतो. जमीन कमी, पाणी जास्त. कापूस बाहेरून घ्यायचा, सूत काढायचं, त्याचं कापड, कापडाचे शर्ट, आणि शर्ट युरोप-अमेरिकेला.

मी विचारलं, "मग डॉलर तुमच्याकडे येतच असेल."

"आता है, दादा," तो म्हणाला. "पण तेल बाहेरून, गॅस बाहेरून, कापूस बाहेरून. आला की लगेच जातो."

तेव्हा आम्ही ते ऐकून सोडून दिलं. जेवणावरचं बोलणं होतं.

पहिला माल नीट गेला. बांगलादेशच्या बँकेकडून हमीपत्र आलं. माल पोहोचला की पैसे देऊ, असं बँक लिहून देते. धंद्यात त्याला एलसी म्हणतात. ते हातात आल्याशिवाय बाहेरच्या देशात ट्रक कुणी पाठवत नाही. पैसे आले आणि रुपया पडलेला असल्यामुळे शेठला वाटलं होतं त्याहून थोडे जास्तच आले. त्यानं सगळ्यांना पेढे वाटले. मग दुसरा, मोठा सौदा झाला. प्रेस दोन पाळ्यांत चालू झाला. पाहुण्यानं निवडलेल्या कापसाच्या गाठी वेगळ्या रचल्या, त्यांच्यावर निळ्या रंगाची खूण केली. पाहुणा परत गेला. जाताना म्हणाला, एलसी आठवड्याभरात निघेल.

एलसी निघाली नाही.

आधी आम्हाला वाटलं, उशीर आहे. नंतर मुंबईचा निर्यातवाला फोन उचलायला वेळ लावू लागला. शेवटी मीच पाहुण्याला फोन केला. तो दबक्या आवाजात बोलत होता. त्यानं जे सांगितलं ते मला कळायला थोडा वेळ लागला. गिरणीकडे पैसे होते. पण ते टाका होते, त्यांच्या देशाचं चलन. आम्हाला द्यायचे ते डॉलर. आणि बँकेत डॉलरच नव्हते. जे होते ते तेलाला, गॅसला, औषधाला आधी. कापसाची रांग मागे.

"आमच्या रुपयात नाही देता येणार?" मी विचारलं.

"मी कुठून आणू दादा रुपया? तोही डॉलरनंच घ्यावा लागेल."

मी शेठला सांगितलं. शेठ गल्ल्याशेजारी बसून होता. त्यानं विचारलं, "पण त्याले माल पाहिजे ना?"

"पाहिजे."

"आपल्याले विकाचा आहे ना?"

"हो."

"मंग अडलं कुठं?" तो म्हणाला.  पाहुण्याला कापूस हवा होता, आम्हाला विकायचा होता, आणि मधे तिसऱ्याच देशाची नोट लागत होती, जी दोघांनाही छापता येत नव्हती.

गाठी अंगणात राहिल्या. त्यांच्यावर ताडपत्र्या टाकल्या. शेठचा पैसा त्या गाठींत अडकला, म्हणून आम्ही नवा कापूस घेणं कमी केलं. आमच्यासारख्या इतरांनीही केलं असावं, कारण भाव खाली यायला लागला. तिकडे परदेशात लोक कपडे कमी घेत होते म्हणे, त्यामुळे जगात कापूस डॉलरमध्येच स्वस्त झाला होता. रुपया पडून भाव जितका वर जायला हवा होता त्यापेक्षा जास्त तो दुसऱ्या बाजूनं खाली येत होता. दलाल हे फोनवर समजावून सांगायचा आणि मी फाटकाशी जाऊन तेच सांगायचा प्रयत्न करायचो. दिवसातून किती वेळा, कुणास ठाऊक. घसा बसायचा. रुईच्या धुळीनं तो तसाही बसलेलाच असतो.

त्या दिवसांत एक बाई यायची. दिग्रसपासून थोड्या अंतरावरच्या तांड्यातली, बंजारा समाजातली, साठीच्या पुढची. तांड्यात आईला याडी म्हणतात. तिला आम्ही सगळे याडीच म्हणायचो. नवरा वारलेला, मुलगी पुसदला दिलेली, शेती ती स्वतः पाहते आणि चांगली पाहते. तिचा कापूस मी बरीच वर्षं पाहत आलो आहे. वेचणी स्वच्छ, कवडी, म्हणजे किडका, खराब कापूस, वेगळी काढलेली. त्या वर्षी तिनं सगळा कापूस घरात भरून ठेवला होता आणि अधूनमधून ओच्यात थोडा नमुना घेऊन भाव विचारायला यायची.

"भाऊ, टीव्हीवाला सांगून राह्यला का डॉलर वाढला. तूच मांगच्या बारीले म्हणे, डॉलर वाढला का कापूस वाढते."

"म्हटलं होतं, याडी."

"मंग काहून नाही वाढला?"

मी सांगितलं. बाहेर कापूसच स्वस्त झाला, ज्यांना घ्यायचा त्यांच्याकडे डॉलर नाही. ती ओच्यातला नमुना चाचपत ऐकत होती. मग म्हणाली, "खताची गोणी वाढली. दुकानदाराले विचारलं काहून, तं म्हणते डॉलर वाढला. ट्रॅक्टरवाल्यानं भाडं वाढवलं, म्हणते डिझेल. डिझेल काहून, तं डॉलर. घ्याले गेलं तं डॉलर आहे. इकाले आलं तं नाही."

मी म्हटलं, "असंच आहे."

"असंच आहे म्हणून कसं चालंन?" ती रागावली नव्हती, फक्त विचारत होती. मला तिच्यासमोर बसून सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून समजवावंसं वाटलं, आणि त्याच वेळी उठून घरी जावंसं वाटलं. मी तिला चहा मागवला. ती चहा पिऊन नमुना परत ओच्यात बांधून घेऊन गेली. आज दे, उद्या आणखी पडेल, असं मी तिला म्हणू शकलो असतो. पण उद्याचं मलाच माहीत नव्हतं.

पाहुण्याशी माझं बोलणं चालू होतं. शेठला ते एक हत्यार वाटायचं. "तुमचा दोस्त आहे काका, जरा जोर लावा." मी जोर लावायचो म्हणजे फोन करायचो. तो बिचारा आधीच दबलेला असायचा. रोज मालकासोबत बँकेत जाऊन बसतो, म्हणाला. त्यांच्या गिरणीत सूत कातणारी निम्मी यंत्रं बंद होती, कापूस नव्हता म्हणून. "दादा, तुमच्या अंगणात माझा कापूस पडून आहे आणि माझ्याकडे माणसं रिकामी बसली आहेत." त्याचा टाकाही पडत होता. जो सौदा आम्ही डॉलरमध्ये केला होता तोच त्याच्या मालकाला आता टाक्यात पुष्कळ महाग पडत होता. म्हणजे डॉलर मिळाला असता तरी तो घ्यायची हिंमत राहिली असती का, सांगता येत नाही. हे मी शेठला सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं?

एकदा मी फोनवर कापसाचा विषयच काढला नाही. त्यालाही बरं वाटलं असावं. त्यानं माझ्या बायकोची तब्येत विचारली, मी त्याच्या मुलीच्या शिक्षणाचं विचारलं.  शेवटी तोच म्हणाला, "ताडपत्री बराबर है ना?" मी म्हटलं, बरोबर आहे.

फाल्गुनात एक अवकाळी पाऊस झाला आणि शेठचा धीर सुटला. गाठी भिजल्या नव्हत्या, पण भिजल्या असत्या. त्यानं दक्षिणेकडच्या जुन्या गिरणीला फोन केला आणि त्यांनी जो भाव सांगितला तो मान्य केला. तो भाव आम्ही कापूस घेतला त्याच्याही खाली होता. ट्रक आले. हमालांनी निळ्या खुणेच्या गाठी भरल्या. मी प्रत्येक ट्रकच्या मागे उभा राहून पावती फाडत होतो. त्या गाठींतला कापूस मला आठवत होता, कुठला राळेगावकडचा, कुठला जवळच्या तांड्यातला. त्या गाठी कुठंही गेल्या असत्या तरी सूतच झालं असतं, हे कळत होतं. तरी बरं वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेठ म्हणाला, "बायायले सांगून द्या काका. आता नाही चालवत."

रेच्यांमध्ये कापूस टाकायला आणि गंजी ओढायला बायका असतात. दरवर्षी त्या चैत्रापर्यंत कामाला येतात. त्यांना मी सांगायचं होतं. जेवणाच्या सुटीत त्या कडुलिंबाखाली बसल्या होत्या, डोक्यावर, भुवयांवर रुईचे कण. मी सांगितलं की या वर्षी हंगाम इथंच संपला. त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्क बाईनं विचारलं, "कायले? कापूस तं आहे लोकायच्या घरात."

"आहे. पण शेठचं नुकसान झालं. बांगलादेशातून पैसे नाही आले."

"त्यायनं बुडवले का?"

"नाही. त्यांच्याकडे डॉलर नव्हता."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "आमच्याकडे बी नाही," ती म्हणाली, आणि बाकीच्या हसल्या. मीही हसलो. मग त्यांनी डबे बांधले. सुटी संपल्यावर कुणाला आत जायचं आहे की नाही ते कळेना म्हणून त्या तशाच थोडा वेळ उभ्या राहिल्या. मी म्हटलं, आजचा दिवस पूर्ण करा. त्या आत गेल्या.

याडी वैशाखात कापूस घेऊन आली. दुसरीकडे कुणी घेत नव्हतं. आमच्याकडेही प्रेस बंदच होता, पण शेठनं दक्षिणेच्या गिरणीसाठी थोडा माल जमवायला घेतला होता. ट्रॉली काट्यावर चढली. तिच्या हातांवर आणि मानेवर लाल चट्टे होते. घरात इतके महिने कापूस ठेवला की त्यातली बारीक कीड आणि धूळ अंगाला खाज आणते. "रात्रभर नाही झोपू देत," ती म्हणाली. "नातवंडं आली होती, त्यायलेबी झाली खाज. पोरीनं उचलून नेले लेकरं."

मी ट्रॉलीत हात घातला. वेचणी तिचीच, स्वच्छ. पण रंग गेला होता. वर पिवळसर झाक. वाळून वजनही कमी झालेलं. मला तिला वरची प्रत देता आली नाही. मी हातात कापूस धरून उभा होतो आणि ती माझ्याकडे पाहत होती. तिलाही दिसत होतं.

"पिवळा झाला ना?"

"झाला, याडी."

"देऊन टाक जे देतं ते."

जो भाव लागला तो तिनं मान्य केला. पुन्हा डॉलरचं काही विचारलं नाही. पैसे रुमालात बांधून कंबरेला खोचताना तिनं आपल्या आज्याची गोष्ट सांगितली. तिचे पूर्वज बैलांवर माल लादून गावोगाव फिरायचे. आजा सांगायचा, किनाऱ्याकडून मीठ आणायचं, इकडे ज्वारीच्या बदल्यात द्यायचं, आणि ज्वारी घेऊन परत निघायचं. "मंग ते चांगलं होतं का?" तिनं स्वतःच विचारलं, आणि स्वतःच उत्तर दिलं, "चांगलं कायचं. आजा म्हणे, पाऊस आला का मीठ वाहून जाये." ती ट्रॉलीत चढली. ट्रॅक्टर निघाला.

पुढच्या पावसाळ्यात तिनं अर्ध्या वावरात हळद लावली. कापूस अर्ध्यावर आणला. हळद निघाली तेव्हा तिनं मला भाव कुठं ठरतो ते विचारलं होतं. मी हिंगोली-सांगली सांगितलं. पुढं कुठं जाते, असं तिनं विचारलं. हळद बांगलादेशातही जाते, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, बऱ्याच ठिकाणी जाते.

शेठनं त्यानंतर बाहेरचा सौदा केला नाही. एक गोदाम सोयाबीन ठेवायला भाड्यानं दिलं. रेचे निम्मे चालतात. मला वर्षभर ठेवणं त्याला परवडत नाही, म्हणून मी आता फक्त हंगामात जातो. बाकीचे महिने घरी असतो, दुपारी पेपर वाचतो. पेपरात रुपयाचा आकडा पहिल्या पानावर असतो. बायको किराणा घेऊन आली की तेलाच्या डब्याचा भाव सांगते. तेल बाहेरून येतं, तेही डॉलरनं. ती माझ्याकडे अशी पाहते की जणू ते मीच ठरवतो. मी पेपर घडी करून ठेवतो. 

पाहुण्याच्या गिरणीचा एक भाग कायमचा बंद झाला आणि त्याला काढलं. ते त्यानं मला लगेच सांगितलं नाही. दोन-तीन फोनांनंतर सहज बोलता बोलता सांगितलं. काही महिने तो घरीच होता. मग दुसऱ्या एका गिरणीत लागला, पगार कमी, आणि तिथं आफ्रिकेतला कापूस येतो. धागा बरा आहे, म्हणाला, पण रंग त्याच्या डोळ्याला अजून सरावाचा झालेला नाही. ईदला तो फोन करतो, दिवाळीला मी करतो. मधे आमच्या दोन्ही देशांच्या सरकारांचं आपसात बिनसलं, माल कधी इकडून थांबला, कधी तिकडून.  आमच्या दोघांच्याही हातात ते कधी नव्हतं.

या हंगामात त्यानं एकदा विचारलं, कापूस कसा आहे? मी सांगत बसण्यापेक्षा गंजीचा फोटो काढून पाठवला. ऊन चांगलं होतं. गंजी पांढरी दिसत होती. थोड्या वेळानं त्याचं उत्तर आलं, हिंदीत लिहिलेलं. रंग अच्छा है दादा, लेकिन पानी जादा लगता है. मी उठून गंजीत हात घातला, आतला कापूस काढून मुठीत दाबून पाहिला. ओलावा जास्तच होता. मी हमालांना ती गंजी पसरायला सांगितली.